आत्याच्या हाताखालची यंत्रं

मांगेरे, ऑकलंड
मंगळवार, ६ मे

इलाइसाने,

फोन तू कापतेस. आता हे पत्र कापून दाखव. कापलंस तरी तुकडे जुळवून वाचशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

पत्र फिनाऊच्या हाती देतेय. तो शुक्रवारच्या विमानाने निघालाय, पुढे बोटीने आपल्या बेटावर, हाआनोला येईल. उत्तराची वाट मी बघत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

धक्क्यावर साऱ्या बायकांसमोर तू काय बोललीस ते मी विसरलेले नाही. "आत्या म्हणून मिरवत जातेस, मोलकरीण होऊन राबशील, आणि दोन महिन्यांत परत येशील. तिथली चूल तुला पेटवता यायची नाही." हेच शब्द ना? तर ऐक. मला इथे येऊन पाच आठवडे झाले. चूल पेटते. घरातली झाडून सगळी यंत्रं माझ्या हाताखाली आहेत. आणि परतीचं नाव मी काढलेलं नाही.

बाकी जे आहे ते तुलाही कळायला हवं, सितिवेनी तुझाही भाऊ आहे. त्याची बायको कालो वारली त्याला आठ महिने झाले. सितिवेनी पहाटे विमानतळावरच्या गोदामात जातो तो दुपार कलल्यावर येतो. वेइसिनिया बारा वर्षांची, होपोआते सात वर्षांचा. त्यांची ब्रिस्बेनची मावशी आकोसिता बहिणीला माती दिल्या दिवसापासून म्हणतेय, मुलं माझ्याकडे द्या. सितिवेनीने तिला जुलैच्या शाळेच्या सुट्टीपर्यंत थांबवलंय. तेव्हा ती इथे येऊन बघणार. घर चाललेलं दिसलं तर मुलं इथे राहतील, नाही तर तिच्याबरोबर विमानात बसतील.

आता तूच सांग. पोरांच्या लग्नात काय, मयतीत काय, आत्याच्या वर कोणी बसतं का? आणि मावशीने यावं नि माझ्या डोळ्यांदेखत पोरं उचलून न्यावीत? कालोची कबर इथे दोन रस्त्यांपलीकडे आहे. दर शनिवारी वेइसिनिया तिथे फुलं ठेवते. ती पोर ब्रिस्बेनमध्ये शनिवारी कुठे जाईल?

म्हणून मी इथे आहे. कोणाची मोलकरीण म्हणून नव्हे.

भांडी धुण्याचंही एक यंत्र आहे. त्यात आम्ही ताटं ठेवतो. कालोही ठेवायची. त्या यंत्राबद्दल घरात कोणाचं दुमत नाही.

तुझी थोरली,
लोसालिने

शुक्रवार, २३ मे

इलाइसाने,

फिनाऊ परत आला. तू त्याला जेवायला घातलंस, माझं पत्र घेतलंस आणि एक अक्षर बोलली नाहीस म्हणे. बरं. नको बोलूस.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. पण फिनाऊची बायको तोंडाची फाटकी आहे, आज ना उद्या ती तुला सांगणारच. त्यापेक्षा मीच सांगते. चुलीचं मला पहिले काही दिवस जमलं नाही.

इथे चूल म्हणजे नुसती काळी काच. जाळ नाही, निखारा नाही, तार लाल होत नाही. बोट ठेवलं तर एक आकडा उमटतो. मी आईचं ॲल्युमिनियमचं पातेलं आणलंय ना, ते त्यावर ठेवलं. काचेने टुंई टुंई केलं आणि आकडा विझला. पुन्हा ठेवलं, पुन्हा टुंई टुंई. मी वाकून फुंकर मारली. हस, हस पोटभर. साठीला टेकलेली बाई काचेला फुंकर मारत होती.

दोन दिवस पोरांना पाव आणि बिस्किटं दिली. तिसऱ्या दिवशी त्या होपोआतेने शाळेत बाईंना सांगितलं, "आमच्या घरी आता शिजवत नाहीत." झालं! शाळेतून सितिवेनीला कामावर फोन. तो घरी आला, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि फ्रिजकडे बघून म्हणाला, "पोरांना गरम काही मिळालं तर बरं."

मी म्हटलं, "हे फ्रिजला सांगतोस का मला?"

मान खाली घातली आणि गेला. मोठ्या बहिणीला उलट बोलायचं नाही, हे आईने त्याच्या हाडात भरलंय. चांगलंच केलं तिने. पण कधी कधी वाटतं, मेल्याने एकदा तोंड उघडून म्हणावं तरी, ताई तुझं चुकतंय.

मग वेइसिनिया आली. तिने फ्रिजवरचं चुंबकाचं कासव काढलं आणि पातेल्याच्या बुडाला लावलं. ते खाली पडलं. दुसऱ्या एका जड काळ्या भांड्याला लावलं. चिकटून बसलं. "आत्या, ज्याला कासव चिकटतं तेच ह्या चुलीवर चालतं." एवढंच होतं बघ! आईचं पातेलं शहाण्यासारखं वागत होतं, त्या चुलीलाच लोखंडाशिवाय कोणी चालत नाही. मला आधी कोणी सांगितलं का? नाही सांगितलं.

त्या संध्याकाळी मी लू केली. अळूची पानं इथे बाजारात मिळतात, गड्डी बांधून. आत खारं मांस, कांदा, नारळाचं दूध. होपोआतेने चार खाल्ल्या आणि म्हणाला, "उद्या बाईंना सांगतो." मी म्हटलं, "सांगच."

आईचं पातेलं आता मीठ ठेवायला आहे. ते मी टाकलेलं नाही, टाकणारही नाही.

लोसालिने

बुधवार, ११ जून

इलाइसाने,

इथे थंडी पडलीय आणि माझं डोकं तापलंय, तेव्हा आज सगळंच सांगून टाकते. नंतर कोणाकडून काही ऐकलंस तर म्हण, हे मला माहीत आहे.

एक. ह्या घरात जमिनीला लोकरीचं कापड ठोकलंय, भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्यातली धूळ ओढायला गुरगुरणारं एक यंत्र आहे, ते घाण पोटात धरून कपाटात जाऊन बसतं. अशी कुठे सफाई असते? मी आपली बादल्यांनी पाणी ओतलं आणि खराट्याने जमीन घासून काढली, आपल्याकडे पाळकसाहेब यायच्या आधी घासतो तशी. अकरा बादल्या. पाणी जाईल कुठे, ह्याचा विचार केला नाही. ते कुठेच गेलं नाही. नऊ दिवस घर ओल्या कुत्र्यासारखं वास मारत होतं. सितिवेनी घरात ओले मोजे घालून फिरला, पण एक शब्द बोलला नाही.

दोन. छताला एक पांढरी बशी चिकटवलीय. मासे तळले की बोंबलते. मी काठीने एकदाच मारली. खाली पडली, पण मेली नाही, मिनिटामिनिटाला चिवचिवत राहिली. तिला चटईत गुंडाळून न्हाणीत ठेवली. दोन दिवसांनी शेजारची निउए बेटावरची म्हातारी आली, "तुमच्याकडे पक्षी अडकलाय का?" मग होपोआतेने स्टुलावर चढून ती परत वर लावली आणि मला म्हणाला, "आत्या, आग लागली तर ही आपल्याला उठवते." मग असं आधी सांगावं ना! राखणदार आहे म्हटलं असतं तर मी हात लावला असता का?

तीन. हे खरं दुखणं. कपडे धुण्याचं यंत्र.

ते मागच्या बाजूच्या एका लहान खोलीत आहे, दाराला लागूनच. त्या खोलीत माझे धुवायचे कपडे असतात, वरच्या दोरीवर माझे आतले कपडे वाळत असतात. आता सितिवेनी तिथे पाऊल टाकेल का? बाबा त्यांच्या बहिणीच्या, म्हणजे आपल्या आत्याच्या झोपडीत उभ्या जन्मात शिरले नाहीत, पाऊस असला तरी बाहेरून हाक मारायचे. तू नि मी सितिवेनी दहा वर्षांचा झाल्यापासून आपले कपडे घरामागे, त्याच्या नजरेआड वाळवत आलो. तो ऑकलंडला आला म्हणून बहीण-भावाचं नातं बदललं का? बदललं नाही. तो त्या दारावरून जातानासुद्धा पलीकडच्या भिंतीकडे बघतो. म्हणजे त्याने मला यंत्र दाखवायचं नाही, आणि मी त्याला विचारायचं नाही. भावाला काय विचारणार, माझे परकर ह्यात कसे फिरवू?

वेइसिनियाला विचारलं. ती म्हणाली, "आई मला हात लावू देत नव्हती. एकदा मी साबण सांडला होता." मग मीही मिजास केली, "असू दे, मला येतं." आता आपल्याच तोंडाने म्हटल्यावर परत कोणाला विचारणार?

मी न्हाणीतल्या टबात हाताने धुतेय, चौघांचे. हात म्हणजे भिजून पिळवटलेल्या दोऱ्या झालेत. इथे सहा दिवस पाऊस असतो आणि सातवा रविवार, त्या दिवशी धुणं नाही. मागच्या आठवड्यात होपोआते ओलसर सदरा घालून शाळेत गेला. आता खोकतोय. आणि फोनवर मावशीला म्हणतो कसा, "माझे कपडे गार असतात." आकोसिताने लगेच तिकीट काढलं. सत्तावीस तारखेला येतेय.

येऊ दे. मी पाठीला पाय लावून पळणारी नाही.

लो.

शनिवार, २८ जून

इलाइसाने,

आकोसिता काल संध्याकाळी आली. दहा जुलैला जाणार. तिने परतीची तीन तिकिटं धरून ठेवलीत. तीन. हे मला वेइसिनियाने सांगितलं.

ती बाई दुष्ट असती तर सोपं होतं. तशी ती नाही, हेच वाईट आहे. आल्या आल्या माझ्या पाया पडल्यासारखी खाली बसली, मोठी चटई आणली होती ती मला दिली, आणि कालोच्या फोटोपुढे जी रडली ती थांबेना. सख्खी बहीण गेलेली. तिचंच नाक नि तिचेच डोळे घेऊन ही दोन पोरं समोर फिरतायत. मी तिच्या जागी असते तर मीही तीन तिकिटं काढली असती.

पण मी तिच्या जागी नाही.

आज सकाळी तिने होपोआतेच्या सदऱ्याची कॉलर दोन बोटांत धरून पाहिली. नुसती म्हणाली, "ताई, तुम्ही बसा. हे सगळं मी करते." आणि धुण्याच्या खोलीत गेली. दोन मिनिटांत यंत्र फिरायला लागलं. तिने मला "या, दाखवते" म्हटलं असतं तर मी गेले असते का? नसते गेले. तरी तिने म्हणायला हवं होतं.

मी दाराआडून पाहिलं. एक चकती फिरवते, मग दोनदा की तीनदा दाबते, मग शेवटी मोठं बटण. तिची पाठ मध्ये आली.

दुपारी वेइसिनिया माझ्याजवळ येऊन बसली. मी वेणी घालत होते तिची. ती म्हणाली, "आत्या, ब्रिस्बेनच्या घरात मला वेगळी खोली आहे म्हणे."

मी म्हटलं, "मग? चांगलं आहे."

"मला वेगळी खोली नको."

"मग बाबांना सांग."

"बाबा बोलतच नाहीत ना कोणाशी," ती म्हणाली आणि वेणी अर्धी असतानाच उठून गेली.

इलाइसाने, एक गोष्ट माझ्या गळ्यात अडकलीय. तू धक्क्यावर बोललीस ते मी तुला दोन महिने ऐकवतेय. मी काय बोलले ते मात्र कोणत्याच पत्रात लिहिलं नाही. "जिची कूस उजवली नाही तिने मला पोरं सांभाळायला शिकवू नये." असं म्हणाले मी. सगळ्यांसमोर म्हणाले. तू टोपली उचललीस नि गेलीस. माझ्या मुलाला तापात तूच आठ दिवस मांडीवर घेऊन बसली होतीस, मी बाळंतपणातून उठले नव्हते तेव्हा. हे मला बोलताना आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तरीही बोलले. मला राग आला की मी जिथे जास्त लागेल तिथे मारते. वाईट केलं मी. हे मी लिहून देतेय, म्हणजे तुला हवं तेव्हा काढून दाखवता येईल.

ह्याचा अर्थ मी परत येतेय असा काढू नकोस.

तुझी ताई

सोमवार, ७ जुलै

इलाइसाने,

काल जे झालं ते चर्चमधल्या बायकांकडून तुझ्या कानावर तिखटमीठ लावून येणारच. त्याआधी माझ्याकडून ऐक, सगळं ऐक.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता आकोसिता गाण्याच्या सरावाला गेली. मुलं तिच्याबरोबर, सितिवेनी अंगणात. मी म्हटलं, लोसालिने, आता नाही तर कधीच नाही. माझे सगळे कपडे यंत्रात घातले, फक्त माझे, दुसऱ्या कोणाचे नाहीत. गोल काचेचं दार लावलं, चकती फिरवली आणि बटण दाबलं. काही नाही. त्याच्या शेजारी घड्याळाचं चित्र असलेलं बटण होतं, ते दाबलं. १ आला. पुन्हा दाबलं, २ आला. अगं, मला वाटलं ते कपडे मोजतंय! आत किती कपडे आहेत ते सांगितल्याशिवाय धुणार कसं, हे मला पटलंसुद्धा. मी बोटांवर मोजले. अठरा. अठरा येईपर्यंत दाबलं आणि मग मोठं बटण. एक दिवा लागला. दार खट्‌कन बंद झालं. बाकी सगळं गप्प.

मी अर्धा तास तिथे बसून राहिले. शेवटी म्हटलं, बिघडवलं मी हेही. दार उघडेना. ते तसंच सोडून मी बाहेर आले आणि कोणाला सांगितलं नाही.

रविवारी चर्च झालं. जेवायला पाळकसाहेब आणि त्यांची बायको. लू, रताळी, भाजलेलं डुक्कर, सगळं माझ्या हातचं. आकोसितासुद्धा म्हणाली, "ताई, चव अगदी गावची आहे." सगळे बसले. पाळकसाहेबांनी हात जोडून डोळे मिटले. प्रभूच्या दिवसाच्या विसाव्याबद्दल ते आभार मानत होते, हेच शब्द होते त्यांचे, आणि मागच्या खोलीतून धबाधबा पाणी पडायचा आवाज आला.

एक वाजला होता, शनिवारच्या सातपासून बरोबर अठरा तास. मग घुर्र. मग धडाड धडाड.

ह्या घरात, रविवारी, पाळकसाहेब जेवायला बसलेले असताना, धुणं सुरू झालं! आपल्या सात पिढ्यांत रविवारी कोणी रुमाल पिळला नसेल. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला. त्यांची बायको ताटाकडे बघायला लागली. होपोआते म्हणाला, "आत्या, मशीन आपोआप काम करतंय. त्याला नरकात जावं लागेल का?"

आकोसिता उठली. मी म्हटलं, "बस तू. माझे कपडे आहेत, मी बघते."

गेले. दिसेल ते बटण दाबलं. ते अजून जोरात फिरायला लागलं. थरथरत थरथरत जागचं हललं आणि कापायला नेलेल्या डुकरासारखं माझ्या अंगावर यायला लागलं. मी त्याला दोन्ही हातांनी रेटून धरलं. काचेआड माझे परकर गरागरा फिरतायत, आणि माझ्या तोंडून, रविवारचं, जे शब्द निघाले ते इथे लिहीत नाही.

बाहेर आकोसिताचा आवाज. हळूच बोलत होती बिचारी, पण घर केवढं ते! "सितिवेनी, आता तरी ठरव. एप्रिलमध्ये फोन करून तूच रडलास ना? ताईला काही जमत नाही, पोरांचे हाल होतायत, येऊन घेऊन जा, असं तूच म्हणालास."

एप्रिलमध्ये. मी येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. मी इतके दिवस आकोसिताशी लढत होते, आणि तिला बोलावणारा माझा भाऊ होता. मला तोंडावर सांगता येत नाही म्हणून त्याने समुद्रापलीकडे सांगितलं. पोरं द्यायला तयार झाला, पण ताई, तुला जमत नाही, एवढं म्हणायला नाही.

आणि हा मान आपणच त्याला शिकवला होता. तू, मी, आई.

मी दार सताड उघडलं. ओरडले, "सितिवेनी! इकडे ये."

तो आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. नजर पलीकडच्या भिंतीकडे.

"आत ये."

"ताई..."

"आत ये म्हणते. ह्या घरातलं यंत्र आहे, तुझ्या बायकोने आणलेलं. मला दाखव ते कसं थांबवतात. आज, आत्ता. वर छताकडे बघ, डोळे मीट, काय करायचं ते कर, पण आत ये. नाही तर पोरं जातील आणि आपण दोघं म्हातारे होईपर्यंत फ्रिजशी बोलत बसू."

पाळकसाहेबांनी आपली खुर्ची उचलून खिडकीकडे तोंड करून ठेवली. भला माणूस.

इलाइसाने, तो आत आला. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, कमरेला चर्चला जाताना गुंडाळतो ती मानाची चटई बांधलेली, डोळे छताला लावलेले, हाताने भिंत चाचपत. वर माझे कपडे लटकलेले, त्यांच्यातून वाकून. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. यंत्र धडधडत होतं. मी म्हटलं, "आता सांग, कुठलं बटण?"

त्याने हात पुढे केलाच नाही. मला वाटलं लाजतोय. बघते तर त्याची हनुवटी हलत होती.

"ताई," तो म्हणाला, "मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"कुठलंच. मी ह्याला कधी हात लावला नाही. सगळं कालोच करायची. ती गेल्यावर तू येईपर्यंत मी पोरांना दर आठवड्याला नवे कपडे आणत होतो. मळके पिशव्यांत भरून माळ्यावर टाकलेत. तुला शिकवायला मला यायला तर हवं! मला लाज वाटत होती, ताई. तुला जमत नाही म्हणालो, पण मलाच जमत नाही. तिच्यावाचून मला काहीच जमत नाही."

आणि रडला. आठ-दहा महिन्यांत त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं, कालोच्या मातीचा व्हिडिओ पाठवला होता त्यातसुद्धा तो दगडासारखा उभा होता. इथे माझ्या परकरांखाली उभा राहून हमसाहमशी रडला. मी यंत्र एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड. किती वर्षांनी धरला असेन? तो सहा-सात वर्षांचा असेल, त्यानंतर पहिल्यांदा.

मी म्हटलं, "मग एवढं रडायचं काय त्यात? मलाही येत नाही. दोघं शिकू. वेइसिनिया! तुझ्या फोनवर शोध, ह्याला गप्प कसं करतात."

वेइसिनिया दारात उभी राहून वाचायला लागली. मोठं बटण तीन सेकंद दाबून धरा. मी दाबलं. माझ्या बोटावर सितिवेनीने बोट ठेवलं, छताकडे बघतच. एक, दोन, तीन. थांबलं.

इतकं शांत झालं की बाहेरच्या खोलीत पाळकसाहेबांचं "आमेन" ऐकू आलं.

आकोसिता वेइसिनियाच्या मागे येऊन उभी होती. तीही आपल्याच बेटांवरची. भाऊ कुठल्या उंबऱ्याच्या आत उभा आहे हे तिला कोणी सांगायला नको होतं. ती म्हणाली, "सितिवेनी, मुलांसाठी तू इथे आत आलास?"

तो छताला म्हणाला, "मुलं कुठेही जाणार नाहीत, आकोसिता. तुला बोलावलं ही माझी चूक. माफ कर."

ती डोळे पुसत म्हणाली, "मग मी काय विमानात दोन रिकाम्या खुर्च्या शेजारी घेऊन जाऊ?" आणि मला म्हणाली, "ताई, तुमचे कपडे ओले राहिलेत. उद्या मी दाखवते घड्याळाचं बटण कशाला असतं ते." मी म्हटलं, "दाखव. मला येत नाही." तोंडातून निघायला जड गेलं, पण निघालं.

आज सकाळी सितिवेनी, आकोसिता आणि मी, आम्ही तिघांनी माळ्यावरच्या पिशव्या खाली काढल्या. एकोणीस. पहिलं धुणं सितिवेनीने लावलं, दुसरं मी. कामावर आज रजा टाकली त्याने. पोरांचे लहान झालेले सदरे निघतायत, त्यांत मधेच कालोचा एक झगा निघाला. तो कोणी यंत्रात घातला नाही. वेइसिनियाने तो अंगाला लावून पाहिला आणि म्हणाली, "अजून दोन वर्षं, मग मला होईल." इथेच होईल तिला, ह्या घरात.

आता गावात कोणी तुला विचारेल, खरं का गं, सितिवेनी बहिणीच्या धुण्याच्या खोलीत शिरला? रविवारी? पाळकसाहेबांसमोर? मान खाली घालू नकोस. मुळीच घालू नकोस. सांग त्यांना, हो, शिरला. आमच्या ताईनेच त्याला हाक मारून आत घेतला.

लोसालिने